पारशी बाईंच्या घरचा कर्णा

(जुना ग्रामोफोन घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी, विशेषतः आमच्या मेहुण्यांसाठी)

नियम १ : घराणे. चोरबाजारातला प्रत्येक ग्रामोफोन एका वृद्ध पारशी बाईंच्या घरून आलेला असतो. बाई एकट्या राहायच्या, मुलं कॅनडात, ग्रामोफोन वर्षातून एकदा नवरोजला वाजायचा. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर विकले गेलेले ग्रामोफोन मोजले, तर मुंबईतल्या दर पारशी बाईच्या वाट्याला निदान चाळीस येतील. ही कथा चालू असताना मालाकडे बघू नये, असा संकेत आहे. आमचे मेहुणे तर डोळे मिटून ऐकतात. तुम्ही तेवढ्यात पेटी उलटी करून घ्या.

नियम २ : वय. 'साब, अठारा सौ सत्तावन का पीस है.' एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा, बर्लिनरचा तबकडीवाला ग्रामोफोन १८८७चा. म्हणजे हे यंत्र स्वतःचा शोध लागण्याच्या तीस वर्षं आधी बंडवाल्यांना गाणी ऐकवत होतं. हुज्जत घालू नये. इतिहास दुरुस्त केल्याने भाव उतरत नाही, फक्त येऊ घातलेला चहा येत नाही.

नियम ३ : 'ओरिजिनल एचएमव्ही.' यात ओरिजिनल असतो तो कुत्रा, आणि तोही चित्रातलाच. फ्रान्सिस बारोचं ते चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली घेतलं. आता त्याचा पितळी बिल्ला कुठल्याही पेटीवर ठोकता येतो. पेटीच्या आत बहुधा निघतं ते बिनकर्ण्याच्या, झाकणवाल्या पोर्टेबल ग्रामोफोनचं यंत्र. पोर्टेबल बिचारा गुणी, पण दिवाणखान्यात मिरवता येत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. मग त्याची मोटर, थाळी आणि साउंडबॉक्स काढून नव्या अष्टकोनी पेटीत बसवतात आणि वर पितळेचा लखलखीत कर्णा चढवतात. खरे जुने कर्णे बरेचसे रंगवलेल्या पत्र्याचे असत, काही लाकडी, काही पितळेचेही. तेव्हा पितळ दिसलं की लगेच नाक मुरडू नका. पत्रा किती पातळ आहे ते बोटाने बघा, कर्ण्यामागची वाकडी नळी नळदुरुस्तीतून उरलेली वाटते का ते बघा, स्क्रू नवेकोरे आहेत का ते बघा. खरं सांगायचं तर ही जुळवाजुळव करणाऱ्या कारागिराचा हात चांगला असतो. 'मीच बनवला' म्हणून त्याने विकला, तर मी आनंदाने घेईन. पण मग त्याला पारशी बाईंचा भाव कोण देणार?

नियम ४ : 'चालू कंडिशन.' हँडल स्वतः फिरवा. कितीही फिरवलं तरी हाताला ताण लागत नसेल, तर स्प्रिंग तुटली आहे. आतून धप्प असा आवाज आला, तर ग्रीस वाळलं आहे. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी ठेवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. मिनिटाला ७८ हवेत. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असते. तेवढ्यात गायिकेचा गायक होत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या. दुकानदार या वेळी आपल्याकडे वेड्यासारखा बघतो. बघू द्या.

नियम ५ : 'बस, सुई बदलनी है.' पोलादी सुई दर बाजूला बदलायचीच असते. खरखर सुईची नसते, साउंडबॉक्समधलं रबर दगड झालेलं असतं.

नियम ६ : 'सब रेकॉर्ड चलता है.' चालतं. एलपी एकदाच चालते. साउंडबॉक्सच्या जड डोक्याखालून ती पुन्हा ऐकण्याजोगी उरत नाही.

नियम ७ : काल येऊन गेलेला फॉरेनर. तो दुप्पट द्यायला तयार होता, संध्याकाळी परत येणार आहे. येऊ द्या. त्यालाही वस्तू लागतातच.

नियम ८ : मिस्त्री आधी, यंत्र नंतर. ग्रामोफोन गल्लोगल्ली मिळतो. थाळीचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची तीन इवलीशी वजनं पुन्हा जागेवर बसवणारा माणूस मिळत नाही. तो सापडला की त्याचा फोन नंबर बायकोच्या वाढदिवसासारखा जपा.

नियम ९ : विकत घेऊन झाल्यावर. मेहुण्यांच्या घरी असाच एक जुळवलेला ग्रामोफोन आहे. वरच्या सगळ्या परीक्षांत तो नापास आहे, हे मी त्यांना सांगितलं आहे. त्यांनी शांतपणे बालगंधर्वांची तबकडी लावली आणि मला गप्प केलं. खरखर होतीच, पण सूर तीतूनही वाट काढत येत होता. पाहुण्यांना ते आता त्या पारशी बाईंचं नाव सांगतात, मजला सांगतात, बाईंना दम्याचा त्रास होता हेही सांगतात. यातलं काहीच दुकानदाराने सांगितलेलं नव्हतं. त्याने फक्त सुरुवात करून दिली होती.

नियम १० : किंमत. घरात निम्मी सांगावी, पाहुण्यांना दुप्पट. दोन्हींची सरासरी काढली की आपण जवळपास खरंच बोललो, असं समाधान मिळतं.