लीड्सहून धनजले

लीड्स, इंग्लंड

ती. बाबा व आई यांना शि. सा. नमस्कार.

इकडं सगळे खुशाल. थंडी पडली आहे, चारलाच दिवा लावावा लागतो. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "पोट्ट्याले इंग्रजी जमते का?" जमते. आता तो आम्हालाच शिकवतो, तेही जेवताना.

त्याचा सगळा राग आमच्या 'टू'वर. शाळेत मास्तरांनी 'टू म्हणजे ला' असं पाठ करून घेतलं होतं. आपल्याकडं तर एक 'ले' चिकटवला की माणूस कुठंही जातो: कारंज्याले, मूर्तिजापूरले, लग्नाले, मयतीले. इथं तसं चालत नाही. 'गो'ला टू लागतो, 'अराइव्ह'ला नको. गावात पोचलात तर 'इन', स्टेशनवर पोचलात तर 'ॲट'. अजून दारातच चपला शोधताय, तर 'लीव्ह फॉर लंडन'. आणि 'टुवर्ड्‌स' म्हणजे नुसता रोख, पोचण्याची हमी नाही. हे तुमच्या सुनेला पटकन कळलं. म्हणाली, "म्हणजे बाबांचं 'वावराकडं जातो' ते!" 'वावरात जातो' म्हणालात की तुम्ही वावरात सापडता. 'वावराकडं' म्हणालात की पानठेल्यावर. (आई, एवढं मोठ्यानं वाचू नकोस.)

चेंडूचं प्रकरण वेगळंच. 'टू' फेकला तर समोरच्यानं झेलायचा, 'ॲट' फेकला तर समोरच्यानं जीव वाचवायचा. उन्हाळ्यात मेहुणा आला होता. त्यानं शेजारच्या आजोबांना हसत हसत सांगितलं की मी चेंडू तुमच्या 'ॲट' फेकतो. आजोबा कचऱ्याच्या डब्यामागं गेले.

इथं रेल्वेत लंडनकडं जाणारी गाडी 'अप', मग नकाशात लंडन खाली का असेना. बोलताना मात्र लीड्सवाले 'डाऊन टू लंडन' म्हणतात. तुम्हाला यात नवल वाटणार नाही, मूर्तिजापूरच्या फलाटावर मुंबईकडची गाडी 'अप'च असते. ही सवय इंग्रजांनीच लावून दिलेली. पण कारंज्याहून रोज येणारे मास्तर 'अप-डाऊन करतात' असं मी इथल्या सहकाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, या वयात व्यायाम चांगलाच.

खरी गंमत या यॉर्कशरच्या लोकांची. पोरगा शाळेतून नियम आणतो आणि हे ते बिनदिक्कत मोडतात. 'टू द पब' असं पूर्ण कोणी म्हणत नाही. 'टू' आणि 'द' दोन्ही घशातच अडकतात आणि माणूस थेट पबात. लंडनवाले या बोलीला हसतात, जसे पुणेवाले आपल्या 'ले'ला. म्हणून मला हे लोक सोयऱ्यासारखे वाटतात. पबात बसून मी एकाला 'ले' शिकवला. दुसऱ्या ग्लासानंतर तो 'लीड्सले' फार छान म्हणत होता.

परवा माझ्या ध्यानात आलं की 'होम'ला टू लागतच नाही. नुसतं 'गो होम'. आपणही 'घराले' म्हणत नाही, 'घरी' म्हणतो. मला गहिवरून आलं. म्हटलं, घराला दोन्ही भाषांत ओळखपत्र लागत नाही. पोरगा भाकरी मोडत म्हणाला, "'अब्रॉड'लाही टू लागत नाही, बाबा." गहिवर तिथंच संपला.

डिसेंबरात येतो आहोत. नागपूरला उतरून समृद्धी महामार्गानं कारंजा, तिथून धनज. आई, तुरीच्या सोल्यांची भाजी ठेव, वांगं घालून. आणि बाबा, त्याची मराठी तुम्ही घ्या हाती. सध्या तो "मी आजोबाला जातो, मग आजीमध्ये राहतो" असं म्हणतो. मी मुद्दाम सुधारलेलं नाही. एवढ्या महिन्यांचा हिशेब आहे, जेवायला बसल्यावर काढू.

तुमचा,
धाकटा