फिफो, फेलोशिप आणि कोनगाव

पंचवीस वर्षं कॉलेजात काढलेल्या प्राध्यापकाला काय येत नाही, असं विचारलं तर तो जरा आठवून म्हणतो, "पगाराची स्लिप डाउनलोड करणं." बाकी सगळं येतं. कुठल्या तासाला कोण डुलक्या घेणार हे येतं, आणि कितव्या मिनिटाला विनोद सोडायचा हेही येतं. विनोद दरवर्षी तोच, मुलं मात्र दरवर्षी नवी. या एका सोयीवर आमचा अख्खा व्यवसाय उभा आहे.

अशा मुरलेल्या माणसांना स्वतःच्याच वर्गावर संशोधन करायला पैसे द्यायचे, ही कल्पना अमेरिकेतली. कार्नेगी फाउंडेशनच्या अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 मध्ये अहवाल लिहून सांगितलं की शिकवणं हीदेखील विद्वत्तेची गोष्ट माना, नुसते शोधनिबंध मोजू नका. पुढे 1998 मध्ये फाउंडेशनने अनुभवी प्राध्यापकांसाठी वर्षभराची फेलोशिपच काढली. रसायनशास्त्र असो की इतिहास, प्रश्न एकच : आपल्या वर्गातली मुलं शिकतात ती नेमकी कशी?

स्टाफरूममध्ये मी ही बातमी सांगितली तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सर चहा बशीत ओतत होते. फुंकर मारून म्हणाले, "दरवर्षी पेपर तपासतो की. शिकत नाहीत. झालं संशोधन."

त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही. आपल्याकडे पहिलीला शिकवायला डी.एड. लागतं, पदवीच्या वर्गापुढे उभं राहायला नेट-सेट पुरतं. उणीव भरून काढायला 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पुढे त्यांचं मनुष्यबळ विकास केंद्र झालं, आता मालवीय मिशन. पाट्या बदलल्या, पण दोन प्राध्यापक भेटले की पहिला प्रश्न अजून "रिफ्रेशर झाला का?" हाच. त्यामागे ज्ञानाची तहान असते असं नाही, बढतीच्या योजनेची, म्हणजे कॅसची, फाईल असते. फाईलला पेपर लागतात, मग मंडळी ब्राझीलच्या चलनवाढीवरही लिहितात. आपला एफवायचा वर्ग मात्र कुणाच्या पेपरात येत नाही. बिचारा रोज समोर बसलेला असतो, तेही प्रवेश घेतलेल्यांतले निम्मेच.

मी राहतो कोनगावात. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की लागतं ते कोन. पुढे रांजणोली नाका, त्यापुढे भिवंडी. मधल्या रस्त्यावर कंटेनर आणि रिक्षा एकमेकांना जागा देत नाहीत, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर मिळतो. आमची बरीच मुलं याच पट्ट्यातली. कुणाच्या घरी लूम, कुणाचा बाप टेम्पोवर. आणि आता पूर्णा, राहनाळ, माणकोलीकडच्या गोदामांत रात्रपाळी करून सकाळी थेट पहिल्या तासाला येणारीही आहेत. ती वर्गात झोपतात. पूर्वी मला राग यायचा. आता खिडकीजवळची जागा त्यांना राखीव आहे, तिथे वारा लागतो.

त्यातल्याच एकाची गोष्ट. अकाउंट्सला मालाच्या मूल्यांकनाचं प्रकरण आहे. पद्धती दोन : फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी काढायचा; आणि भारित सरासरी. लेखामानक 2 मध्ये लिफोला, म्हणजे शेवटी आलेला माल आधी काढायला, जागा नाही, हे वाक्य मी झोपेतही म्हणतो. तक्ता ठरलेला : तारीख, खरेदी, विक्री, शिल्लक. या पोराने चाचणीत 5 तारखेचा माल ठेवला आणि 15 तारखेचा आधी काढला. पुढचं सगळं गणित बिनचूक, पण उत्तर चूक. त्याला बोलावलं.

"अरे, आधी कुठला माल आला?"

"पाचचा, सर."

"मग?"

"सर, पंधराच्या लॉटची डेट आधी संपत असली तर? आमच्याकडे आधी एक्सपायरी बघतात. नाहीतर सुपरवायझर शिव्या घालतो."

मी पुस्तक उघडून दाखवलं. पुस्तकात नुसतं 'वस्तू अ' असं लिहिलेलं. या वस्तू 'अ'ला एक्सपायरी नसते, तिला उंदीर खात नाहीत, आणि पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरलं तरी ती भिजत नाही. पोरगा दोन मिनिटं त्या 'अ'कडे बघत राहिला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, "मग सर, पेपरात पुस्तकातला माल काढायचा ना?"

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, एरिक मझूर. 1990 च्या सुमारास त्यांनी बलाच्या साध्यासुध्या कल्पनांवरची एक चाचणी वर्गाला दिली. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहू, की मला वाटतं तशी? तोवर मझूरना आपण उत्तम शिकवतो असं वाटायचं, आणि विद्यार्थीही तसंच म्हणायचे. त्या चाचणीनंतर त्यांनी व्याख्यान आवरतं घेतलं आणि मुलांना शेजारच्याशी वाद घालायला लावलं. ती पद्धत जगभर गेली. आमच्या पोराचा प्रश्न कोनगावच्या पुढे गेला नाही, कारण तो विचारल्याबरोबर घंटा झाली.

जॉर्जटाउन विद्यापीठाचे रँडी बास यांनी 1999 मध्ये यातली खरी मेख सांगितली. संशोधनात तुमच्याकडे समस्या असेल तर लोक खुर्ची ओढून ऐकायला बसतात. शिकवण्यात समस्या आहे म्हणालात तर तुम्हाला सुधारायला बघतात. आमच्याकडे तर प्राचार्य केबिनमध्ये बोलावतात. मग कोण कशाला सांगेल की मला अमुक पंधरा मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही?

आपल्याकडे हे काम कुणी केलंच नाही, असं मात्र नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून आहे. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या शाळांपासून त्यांनी सुरुवात केली. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोरांची गाडी विज्ञानापाशी अडते की पुस्तकातल्या भाषेपाशी, हेसुद्धा तपासलं. केंद्र मानखुर्दला आहे. कोनगावातून रिक्षाने कल्याण, तिथून कुर्ला, मग हार्बर. पण तिथला भर विज्ञान आणि गणितावर, तोही बराचसा शाळेच्या. बी.कॉम.च्या वस्तू 'अ'चा वाली कोणी नाही.

माझं म्हणणं एवढंच की फेलोशिप काढायचीच तर म्हाताऱ्या प्राध्यापकांना द्या. नव्या पोरांना पर्मनंट व्हायची चिंता असते, ती कबुली देणार नाहीत. आम्हाला आता कोण काय करणार? पैसेही फार नकोत. आठवड्याचे चार तास कमी करा, आणि रात्रपाळीच्या गोदामात मुलाबरोबर तासभर उभं राहायची परवानगी मिळवून द्या. आमच्या बशीवाल्या सरांना विचारून पाहिलं, तर म्हणाले, "रिफ्रेशरमधून सूट मिळणार असेल तर माझंही नाव घाल."

तेव्हा अर्जदार दोन झाले आहेत. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र खाडीपलीकडे कल्याणातच आहे; त्यांनी मनावर घ्यावं. मुलाखतीला दुपारी बोलवा, सकाळी दुर्गाडीच्या पुलावर वाहतूक फार असते.