प्लेअरकर

प्लेअरकरांनी शेवटपर्यंत पाहिलेले सिनेमे हाताच्या बोटांवर मोजता येतील. सुरुवात मात्र त्यांनी इतक्या सिनेमांची पाहिली आहे, की सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा त्यांच्याइतका अभ्यास खुद्द बोर्डातही कुणी केला नसेल. ते प्रमाणपत्र पडद्यावर आलं की बाकीचे लोक शेंगदाण्यांची पुडी सोडतात. प्लेअरकर स्पेसबार दाबून चित्र थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि नाक मॉनिटरला टेकेल इतके पुढे सरकतात. खालची सही नीट दिसली तर प्लेअर चांगला. सहीच्या आजूबाजूला चौकोन उमटले तर प्लेअर बाद. मग दुसरा प्लेअर, तोच सिनेमा, तेच प्रमाणपत्र, तीच सही.

मूळ आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत ती पाटी वाचायची वेळ कुणावर येत नाही. बँकेच्या तपासणी खात्यात त्यांची हयात गेली. दुसऱ्यांच्या शाखांत जायचं आणि दुसऱ्यांनी भरलेली व्हाउचरं तपासायची. ते निवृत्त झाले, तपासणी झाली नाही. पण मला विचाराल तर बँकेला उगाच दोष द्यायला नको. हा माणूस संगणकाच्याही आधीचा आहे. दूरदर्शनच्या काळात प्रत्येक चाळीत एकजण गच्चीवर अँटेना फिरवत उभा असे. खालून ओरडा यायचा, ‘आलं, आलं!’ वरून प्रश्न यायचा, ‘मुंग्या गेल्या का?’ ‘थोड्या आहेत!’ मग तो आणखी फिरवायचा आणि होतं तेही जायचं. घरच्यांनी छायागीत पाहिलं. त्याने छायागीताच्या वेळचं आकाश पाहिलं. प्लेअरकर त्या घराण्यातले.

त्यांचा पहिला संगणक लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला, विंडोज ९८ चा. मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला. तेव्हा सगळ्यांच्याच घरी संगणक मुलाच्या अभ्यासासाठी यायचा. जोडणाऱ्या पोराने जाताजाता त्यात विनअँप टाकून दिलं आणि प्लेअरकरांच्या आयुष्याला वळण लागलं. १९९७ साली जस्टिन फ्रँकेल नावाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन पोराने हा प्लेअर काढला, हे ते आजही एखाद्या क्रांतिकारकाची माहिती सांगावी तसं सांगतात. विनअँपबरोबर नमुन्याची एक ध्वनिफीत यायची. तीत एक भारदस्त आवाज लामा या प्राण्याच्या पार्श्वभागाविषयी काही असभ्य बोलायचा. प्लेअरकरांच्या आईने जपमाळ थांबवून विचारलं होतं, ‘कुठलं स्टेशन लागलंय रे?’

विनअँपला दहा पट्ट्यांचा इक्वलायझर होता. म्हणजे दहा गोष्टी बिघडवता येत होत्या. लताबाईंना एक मांडणी, किशोरकुमारला दुसरी, नाट्यगीतांना तिसरी. आणि ती कुठल्या गाण्याला कुठली, याची एक वही. एमपीथ्रीच्या एका सीडीवर दीडशे गाणी मावायची, पण प्लेअरकरांकडे तिसऱ्या-चौथ्या गाण्याच्या पुढे सीडी सरकल्याचं कुणाला आठवत नाही. २००२ साली विनअँप ३ आलं. ते इतकं जड होतं की लोक मुकाट्याने २ वर परतले. पुढच्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने एकदम ५ काढलं. २ चं आणि ३ चं चांगलं ते एकत्र केलं, म्हणून २ अधिक ३ बरोबर ५, हा त्यांचा खुलासा. आवृत्ती ४ निघालीच नाही. प्लेअरकरांना हा खुलासा मनापासून पटला. हिशेब जुळत होता.

सिनेमा तेव्हा दोन-तीन व्हीसीडींवर पसरलेला असे. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. त्यात कुठलाही प्लेअर लावा, नायिका पळाली की तिचे चौकोन मागे राहायचे. पण त्या काळात प्लेअरकर तसे सुखी होते, कारण डिस्कमधली ती ‘डॅट’ फाइल एकतर चालायची, नाहीतर चालायची नाही. खरी परीक्षा पुढे आली. फाइल उघडायची, आवाज यायचा, चित्र काळं. किंवा चित्र यायचं आणि माणसं मुक्याने भांडायची.

‘एव्हीआय हे नुसतं पाकीट असतं,’ त्यांनी मला समजावलं होतं. ‘पाकीट सारखं दिसलं म्हणून आतला कागद सारखा असतो का? कुणी डिव्हएक्समध्ये लिहिलाय, कुणी एक्सव्हिडमध्ये. तो वाचणारा कारकून संगणकात बसलेला पाहिजे. त्या कारकुनाला म्हणतात कोडेक.’

हे त्यांचं अगदी बरोबर होतं. (एक्सव्हिड हे नाव डिव्हएक्स उलटं लिहून झालेलं आहे, हीही माहिती त्यांचीच.) चूक एवढीच, की त्यांनी एक कारकून नेमला नाही. सगळ्या कोडेकांचे गठ्ठे फुकट मिळत, त्यांतला एक त्यांनी बसवला. मग अधिक चांगला म्हणून दुसरा. पहिला न काढता. आता एकाच कागदावर दोन कारकून हात टाकू लागले. भाच्याच्या मुंजीचं चित्रीकरण बघायला सगळे नातेवाईक जमले, तेव्हा बटू, भटजी आणि मातृभोजनाची पंगत उलटी लटकलेली दिसली. आवाज सुलटा होता. मंगलाष्टकं व्यवस्थित ऐकू येत होती. एका काकांनी मॉनिटर उलटा धरायची तयारी दाखवली. प्लेअरकर मात्र खूश. ‘पण रंग बघा!’ ते म्हणाले. ‘रंग किती नैसर्गिक आलेत!’

मग व्हीएलसी आलं. रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारिंगी शंकू. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांचा हा उपक्रम, १९९६ चा. २००१ मध्ये तो सगळ्या जगाला खुला झाला. कारकून नेमायची भानगडच नाही. तो आपली सगळी माणसं सोबत घेऊनच येतो. पाकीट फाटकं असलं, फाइल अर्धीच उतरलेली असली, तरी जेवढं आहे तेवढं दाखवतो. आणि फुकट. तुमच्या-आमच्यासारख्या माणसाचा शोध इथे संपला असता. माझा संपला. मी तो शंकू बसवला आणि पुन्हा त्याचा विचार केला नाही.

प्लेअरकरांना हेच खटकलं. सगळंच चालतं, म्हणजे तपासणी कुठे करायची? त्यांनी सेटिंगांची आतली पानं उघडली आणि तिथे त्यांना समाधान मिळालं, कारण व्हीएलसीत ती पानं संपता संपत नाहीत. जी आणि एच दाबलं की सबटायटल पन्नास-पन्नास मिलिसेकंद मागेपुढे सरकतं. जे आणि के दाबलं की आवाज सरकतो. एवढं कळल्यावर प्लेअरकरांना प्रत्येक नटाचे ओठ आवाजाच्या आधी हलताना दिसू लागले. काकू म्हणायच्या, ‘अहो, तो रडतोय, बघा तरी.’ हे म्हणायचे, ‘रडतोय खरा, पण पन्नास मिलिसेकंद उशिरा.’

एका डिसेंबरात सकाळीच त्यांचा फोन. ‘ताबडतोब वर ये. संगणकात व्हायरस शिरलाय.’ गेलो. शंकूने सांताक्लॉजची लाल टोपी घातली होती. नाताळ जवळ आला की व्हीएलसीचं चिन्ह दरवर्षी टोपी घालतं, ही त्या फ्रेंच मंडळींची हौस. तोवर प्लेअरकरांनी अख्ख्या हार्डडिस्कची झडती सुरू केली होती. खरं कारण कळल्यावर ते थोडे नाराजच झाले. निदान पाडव्याला गुढी तरी उभारायची, असं पुटपुटले.

मग फूबार २००० चं प्रकरण. नुसती पांढरी खिडकी, नावांची यादी, बाकी शोभा शून्य. बँकेच्या माणसाला आवडणारच. त्यात एबीएक्स नावाची जोडणी मिळते: एकच गाणं दोन दर्जांत घ्यायचं, संगणक त्यांतलं एक न सांगता वाजवणार, आपण ओळखायचं कुठलं. फसवाफसवीला वाव नाही. प्लेअरकरांनी भीमसेनजींचा एक अभंग १२८ आणि ३२० किलोबिटमध्ये तयार केला आणि काकूंना पोळ्यांवरून उठवून आणलं.

‘ऐक. हे पहिलं की दुसरं?’

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. अभंग संपू दिला. मग म्हणाल्या, ‘दोन्हीकडे भीमसेनजीच आहेत ना?’

काकू नापास. मग ते स्वतः बसले. निकाल नाणेफेकीइतका लागला. याचा अर्थ तुम्ही काय काढाल? प्लेअरकरांनी काढला तो असा, की स्पीकर निकृष्ट आहेत. नवे स्पीकर आले. निकाल तोच आला. मग खोलीचे पडदे जाड करण्यात आले.

त्यांचा मुलगा आता बेंगळुरूला संगणक अभियंता आहे. (अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकावर त्याला कधी बसायला मिळालं, हे कोडंच आहे.) एका दिवाळीत तो घरी आला असताना बाबांनी त्याला बसवून पाच प्लेअरांची तुलना सांगितली. ह्याची त्वचा नैसर्गिक, त्याचा काळा रंग खरा काळा, तिसऱ्याची हालचाल सफाईदार. मुलाने फराळ संपवला आणि म्हणाला, ‘बाबा, ह्यांतले बहुतेक सगळे आतून एफएफएमपेगचंच ग्रंथालय वापरतात. फाइल उलगडायचं काम तोच कोड करतो. वरचं कातडं फक्त वेगळं.’

हे खरं आहे. २००० साली फाब्रीस बेलार या फ्रेंच माणसाने सुरू केलेला हा प्रकल्प. तुमच्या-माझ्या संगणकातल्या निम्म्या प्लेअरांच्या पोटात तोच बसलेला असतो. मला वाटलं, आता प्लेअरकरांचं काही खरं नाही. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला, विचार केला आणि म्हणाले, ‘सगळ्यांत एकच असूनही जर फरक दिसतोय, तर तो किती बारीक असेल!’ मुलाने परतीचं तिकीट एक दिवस अलीकडचं मिळतं का पाहिलं.

पण त्यांचे दिवसही आले. २०२२ साली भारतात व्हीएलसीची वेबसाइट उघडेनाशी झाली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ज्यांच्या संगणकावर ते होतं त्यांचं ते चालतच होतं. ऑगस्टमध्ये बातम्या झळकल्या. सोसायटीत ज्यांनी नवे लॅपटॉप घेतले होते ते सगळे प्लेअरकरांच्या दाराशी. त्यांच्याकडे प्रत्येक जुन्या आवृत्तीची फाइल तारीखवार जपलेली होती. पेनड्राइव्ह घेऊन ते मजल्यामजल्यावर फिरले. कुणाच्या संगणकाला कुठली आवृत्ती सोसेल हे नाडी पाहून सांगत. लोक चहा देत होते, ऐकून घेत होते. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मी पेढे घेऊन गेलो, तर हे खिन्न. ‘आता कुणीही उतरवून घेईल,’ म्हणाले.

तसं खरं तर आता कुणी उतरवूनही घेत नाही. सोसायटीतली पोरं मोबाइलवर सिनेमा बघतात, कशातून बघतात हे त्यांना ठाऊक नसतं. काकू फोन बरणीला टेकवून भाजी निवडता निवडता अख्ख्या मालिका संपवतात, आणि त्यांत शेवटी काय झालं ते सगळ्या मजल्याला सांगतात. प्लेअरकर एमपीव्हीवर पोचलेत. त्या प्लेअरला मेनूच्या पट्ट्याही नाहीत. काय हवं ते साध्या मजकुराच्या फाइलीत ओळी लिहून सांगायचं. म्हणजे आता प्लेअर उघडायचीही गरज पडत नाही. नुसती फाइल लिहीत बसता येतं.

गेल्या गणपतीत सोसायटीने प्रोजेक्टरवर ‘अशी ही बनवाबनवी’ दाखवायचं ठरवलं. १९८८ चा सिनेमा, मोठ्यांना पाठ, लहानांना नवा. यंत्रणा अर्थातच प्लेअरकरांकडे. साडेसातला लोक सतरंज्यांवर येऊन बसले. प्लेअरकरांनी डीव्हीडी लावली आणि प्रमाणपत्रावर चित्र थांबवलं. मग नावं सुरू झाली तशी पुन्हा थांबवली. जुन्या डीव्हीडीत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी विषम ओळी, मग सम. टीव्हीवर ते खपून जातं, संगणकावर हलणाऱ्या माणसाच्या कडा दातेरी दिसतात. त्यावर उपाय आहेत आणि उपायांना नावं आहेत.

‘बॉब लावू की याडिफ?’ त्यांनी माइकवरून विचारलं.

‘अहो, अशोक सराफ लावा!’ मागून कुणीतरी ओरडलं.

बॉब लावून पाहिला. याडिफ लावून पाहिला. मग संपूर्ण मराठी प्रेक्षकांपुढे मराठी सिनेमाची इंग्रजी सबटायटलं आवाजाशी जुळवून घेतली. प्रोजेक्टरचा पिवळा जरा कमी केला. गणपतीच्या आरतीला एकदा थांबावं लागलं, त्यात सेटिंग गेली. सिनेमा एकदाचा सुरू झाला तेव्हा नऊ वाजून गेले होते. चित्र खरोखर सुंदर दिसत होतं, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पैठण्यांचे काठ मोजता येत होते. पण दहाला भोंगा बंद करणं भाग होतं, आणि सेक्रेटरी घड्याळाकडे बघत उभेच होते. ऐन रंगात आवाज गेला. मग दिवे लागले. मोठे लोक पुढचे संवाद स्वतःच म्हणत जिन्याकडे निघाले.

तिसऱ्या मजल्यावरची चौथीतली मुलगी सतरंजीवरून हलेना. प्लेअरकर वायरी गुंडाळत होते, त्यांच्याजवळ जाऊन तिने विचारलं, ‘आजोबा, पुढे काय होतं?’

प्लेअरकरांनी लॅपटॉपवरचा आलेख बघितला.

‘पुढे बिटरेट थोडा घसरतो,’ ते म्हणाले. ‘पण चालण्यासारखा आहे.’