हळदीच्या खळ्यात कॅराव्हॅन

नांदेडहून शिरड शहापूरला यायचं म्हणजे काही हिमालय चढायचा नसतो. वसमत मागं टाकलं की औंढ्याचा रस्ता धरायचा आणि दोन्ही बाजूंची रानं बघत बसायचं. एवढा प्रवास आमच्या कॅराव्हॅननं कुरकुर न करता केला. खरा प्रवास पुढं होता, हमरस्त्यापासून आमच्या दारापर्यंतचा.

कॅराव्हॅन म्हणजे मूळची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. तिच्या आयुष्याची पहिली काही वर्षं एका शाळेची पोरं ने-आण करण्यात गेलेली. आता आत दोन पलंग, एक ओटा, बेसिन, टपावर सोलरची पाटी आणि एसी, आणि मागच्या कोपऱ्यात संडास. या शेवटच्या सोयीबद्दल आमच्या तात्यांचं मत पहिल्या दिवसापासून वाईट. "चुलीच्या मांडीला मांडी लावून संडास? कोणत्या जातवानाच्या घरात असतोय असा?" पिवळ्या रंगावर पांढरा मारला होता, पण उन्हात उभी राहिली की 'स्कूल बस' ही अक्षरं खालून डोकावायची. गल्लीतली दोन पोरं दप्तरं घेऊन खरोखर चढून बसली आणि 'मास्तर कधी येणार' म्हणून विचारू लागली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या अंगात मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. कागद नीट करून घ्यावे लागतात, आणि ते करताना माणसाच्या चपला गाडीच्या टायरांच्या आधी झिजतात. नंबर मात्र नांदेडचाच राहिला, एमएच २६. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला आणि त्याला एमएच ३८ मिळाला. गावकरी त्या आकड्याबाबत हळवे आहेत. त्यामुळं दारात उभी असूनही गावातली निम्मी माणसं आजही ती गाडी पाहुण्याची समजतात आणि 'पाहुणे कधी जायलेत?' असं अधूनमधून चौकशीच्या सुरात विचारतात.

तर हमरस्ता ते दार. हौसेखातर फिरतं घर बाळगणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणजे गॉर्डन स्टेबल्स, आरमारातून निवृत्त झालेला एक स्कॉटिश डॉक्टर. त्यानं १८८५ साली 'वाँडरर' नावाचं दोन टनी लाकडी घर ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधून घेतलं, दोन घोडे जुंपले आणि इंग्लंडातून निघून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हरनेसपर्यंत गेला. बरोबर गाडीवान, कुत्रा, पोपट. आणि एक नोकर, जो तीनचाकी सायकलवर बसून पुढं जायचा आणि रस्ता मोकळा आहे का ते बघायचा. वाचताना मला तो थाट वाटला होता. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा कळलं, थाट नव्हे, गरज. आमच्याकडं ते काम चुलतभावानं केलं. मोटारसायकल हळूहळू पुढं, मागच्या सीटवर त्याचा मेव्हणा, मेव्हण्याच्या हातात लांब वाळका कळक, आणि कळकाच्या टोकानं उचलून धरलेल्या केबलच्या वायरी. गाडीचं टप आणि एसी मिळून दहा फुटांच्या घरात जातं. गावातल्या वायरी मात्र माणसाची उंची डोळ्यांपुढं ठेवून ओढलेल्या. विजेच्या तारांपाशी आलो तेव्हा लाइट जायची वाट बघत थांबलो. आमच्या भागात त्यासाठी फार थांबावं लागत नाही.

वळणावर सगळं गाव जमलं. डावीकडं घे, उजवीकडं काट, मागं घे, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. मराठवाड्यात गाडी मागं घेताना 'येऊ दे' म्हणणारे दहाजण असतात. 'बास' म्हणायची जबाबदारी मात्र कुणावरच नसते. ते काम भिंत करते. शेजारच्या औंढ्याला नामदेव महाराजांना कीर्तन करताना देवळासमोरून उठवलं, ते मागं जाऊन बसले, तर अख्खं देऊळ त्यांच्याकडं तोंड करून फिरलं अशी कथा आहे. पुरावा म्हणून नंदी अजून देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात. त्या मुलखात वीस फुटांची गाडी एका कोपऱ्यावर फिरेना. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "भक्ती कमी पडायलीय."

दारात पोचलो तर दारात हळद.

फाल्गुन संपत आला होता. कुकरात वाफ देऊन काढलेली हळद अख्ख्या खळ्यात पसरलेली, अजून कोमट, मातकट उग्र वासाची. शिजल्यावर बोटात दाबली की मऊ लागते आणि नख पिवळं होऊन बसतं. मग कडक उन्हात बारा-पंधरा दिवस वाळते, हळकुंड मोडलं की कट्ट आवाज आला पाहिजे, आणि मग ढोलात घालून पॉलिश. हे सगळं होईस्तोवर त्या खळ्यावर तात्यांशिवाय कुणाची सत्ता नाही. घराच्या आवारात सपाट जागा तेवढीच. बाकी गोठा, कडब्याची गंज, बोअर आणि लिंबाचं झाड.

तात्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. टायर बघितले, दार उघडून संडास पुन्हा एकदा बघितला. मग जमिनीकडं बोट दाखवलं. "सावली पडायलीय."

खरंच पडत होती. हळदीवर, चांगली सहा फूट रुंद.

"वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, २०२४ ला," तात्या म्हणाले. "तुझ्या गाडीला काय मिळालंय?"

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. पर्यटकांनी फिरत्या घरात राहावं, त्यासाठी कॅराव्हॅन पार्क निघावेत, असा सगळा सुंदर विचार त्यात आहे. पण मालकाच्या स्वतःच्या दारात, बाप जिवंत आणि हळद ओली असताना गाडी कुठं लावावी, याबद्दल सरकार गप्प आहे. शेवटी तात्यांनीच धोरण ठरवलं. सकाळी सावली पश्चिमेला पडते, म्हणून गाडी खळ्याच्या पश्चिमेला. दुपारी सूर्य कलला की ती काढून गोठ्याला वळसा घालून पूर्वेला. रोज. कॅराव्हॅनचा पहिला दौरा हा असा झाला: घराच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत, मध्ये एक म्हैस. माझी बायको खिडकीत बसून चहा प्यायची आणि देखावा बदलतोय असं म्हणायची.

उभ्या गाडीला गिऱ्हाईक फार. पांढरी गाडी, बाजूला पायरी, आत दिवा. लोक रांग लावतात. एका सकाळी चौघीजणी डोळे तपासायला आल्या, मोतीबिंदूचं शिबिर समजून. एकानं गाय आणली. एका उमेदवाराच्या माणसानं भोंगा बसेल का म्हणून टपाचं माप घेतलं आणि भाडं विचारलं. आठवडी बाजाराच्या दिवशी तर गाडीला टेकून कांद्याचं दुकान लागलं, आणि दार उघडलं तर 'मालक, गिऱ्हाईक हाये, जरा थांबा' असं मलाच ऐकावं लागलं. गावात मल्लिनाथांचं जुनं दिगंबर जैन क्षेत्र आहे, यात्रेकरूंच्या बस लांबलांबून येतात, आणि बऱ्याच बसमध्ये स्वतःचा स्वयंपाकी असतो. तशा एका बसमधले काका-काकू दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून घाईघाईनं आमच्या गाडीत शिरले, पलंगावर टेकले आणि "आज काय केलंय?" म्हणाले. बायकोनं भाकरी टाकायला घेतली होती. कांदा-लसूण नाही ना, एवढं त्यांनी विचारलं. होता. ते वाईट वाटून उतरले. आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

सगळ्यांचा प्रश्न मात्र एक, "किती देती?" आत पलंग असो, ओटा असो, कळशी असो, मराठी माणूस गाडीला आधी ॲव्हरेज विचारतो. आकडा सांगितला की तोंडं पडायची. मग सांत्वनाचा सूर: "चालायचंच. उभीच तर हाये."

हळद ढोलात गेली, पोत्यात भरली, वसमतच्या मोंढ्याला रवाना झाली आणि एका पहाटे आम्ही निघालो. औंढा गाठायचं, नागनाथाचं दर्शन घ्यायचं, देवळाच्या आसपास कुठं तरी गाडी लावून रात्र काढायची. औंढ्याजवळच्या दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे दोन हजार सहाशे कोटींचा खर्च मंजूर केला. चार-चार किलोमीटर लांब दोन भुजा, आत लेसर, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याचा इथं पोचलेला थरथराट मोजायचा. प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक हालचाल या यंत्राला कळते. जमीन शांत हवी म्हणून कितीतरी शोधाशोध करून ही जागा निवडली. त्या शांत जमिनीच्या बाजूनं आमच्या गाडीतली स्टीलची ताटं, दोन पातेली, उलथनं, आणि नीट न बसवलेलं बेसिन असा सगळा संसार वाजत गेला. वेधशाळा सुरू झाल्यावर इकडून जायचं तर भांडी प्लास्टिकची घ्यावी लागतील.

औंढ्यात माझे साडू राहतात. फोन न करता जायचं असं आम्ही नीट ठरवलं होतं. पण ज्या गावात पाहुणा आहे त्या गावात मराठवाड्यातल्या माणसाला लपून राहता येत नाही, आणि मराठवाड्यात पाहुणा नाही असं गाव नाही. दर्शन घेऊन बाहेर आलो तर साडू गाडीशेजारी उभे. तोंड उतरलेलं.

"गाडीत झोपणार म्हणं तुम्ही?"

"अहो, त्यासाठीच तर घेतली."

"आमचं घर पडलं का? लोक काय म्हणतील? सख्खा साडू देवळाच्या दारात झोपला आणि ह्यानं दार उघडलं नाही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. गाडी त्यांच्या दारात गेली. इथंही वायरी, इथंही 'येऊ दे'. धपाटे, दही, ठेचा, वांग्याची भाजी झाली. जेवणं उरकल्यावर साडूंच्या आई काठी टेकत बाहेर आल्या आणि गाडीत चढल्या. आजींनी नरसीहून निघणाऱ्या नामदेव महाराजांच्या पालखीबरोबर कितीतरी आषाढ्या पायी केलेल्या. त्यामुळं फिरत्या घराची पाहणी त्यांनी जाणकाराच्या नजरेनं केली. पलंग दाबून बघितला, नळ सोडून बघितला, ओट्याखालचं कपाट उघडलं.

"आमच्या दिंडीच्या ट्रकात पिठाची पोती, सरपण, कढया, साऱ्यांच्या वळकट्या बसत होत्या. पाऊस आला तर वर ताडपत्री, खाली वीस बाया. हिच्यात किती?"

"चारजण, आजी."

"चार?" त्यांनी साडूंकडं बघितलं, जणू मला कुणीतरी फसवलं होतं. मग वरच्या थंड वाऱ्याकडं तोंड केलं. "हे काय हाये?"

"एसी."

आजी पलंगावर बसल्या. मग पाय वर घेतले.

आम्हाला साडूंच्या गच्चीवर गाद्या घातल्या. डास होते, पण आकाश छान होतं, आणि खाली दारात आमच्या कॅराव्हॅनचा एसी रात्रभर साडूंच्या मीटरवर घुमत होता. सकाळी खाली उतरलो तेव्हा आजी अंघोळ करून, पूजा करून गाडीत बसलेल्या. बेसिनपाशी पानाचा डबा, त्यात आडकित्ता, उशाशी औषधांची पिशवी, पलंगाखाली वळकटी. रात्रीतून सगळं आलं होतं.

"आधी नरसीला चला," आजी म्हणाल्या. "मग सिद्धेश्वरचं धरण बघू, फार दिवस झाले. मग तुमच्या गावाला. मल्लिनाथाचं देऊळ मी अजून बघितलं नाही."

मी आत डोकावलो. दुसऱ्या पलंगावर आजींच्या नातीनं पुस्तकं मांडली होती.

"आजी, आम्ही दोघांनी कुठं झोपायचं?"

आजींनी सुपारी कातरली. "तुम्ही गाडी चालवायलाव की. झोपायचं कामून?"