हॅन्डलची मुंबईवारी

जुन्या गाडीच्या आतलं सामान शोधणाऱ्याला नाशिकइतकी आशा लावणारं गाव नाही, आणि इतकं फसवणारंही नाही. सातपूरला महिंद्रचा कारखाना आहे. डिझेल इंजिनांचे भाग बनवणाऱ्या मायकोचं नाव तर एका अख्ख्या चौकाला मिळालं आहे. अशा गावात साठ वर्षांपूर्वीच्या फियाटचं काच फिरवायचं हॅन्डल मिळू नये, हे कोणाला पटेल? म्हणून मोहीम मोठ्या उत्साहाने द्वारकेच्या गॅरेजांपासून निघते. पिस्टन रिंग मागितली, तर दुकानदार मान वर न करता भाव सांगतो. हॅन्डल मागितलं की मान वर होते, चष्मा कपाळावर जातो आणि उत्तर येतं, "ओरिजिनल? मुंबईला बघा, साहेब." मग इगतपुरीपासून समृद्धीच्या बोगद्यातून, कसारा घाट चुकवत, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे किंवा चोरबाजारात मटण स्ट्रीटवर पोचावं. तिथला जाणकार शांतपणे सांगतो, "हे सामान आता गावाकडेच. नाशिकला एखाद्या वाड्यात उभी असेल बघा गाडी."

यात दुकानदारांचा दोष नाही. दोष द्यायचाच तर टॅक्सीला द्यावा, आणि आभारही तिचेच मानावेत. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून निघालेली फियाट 1100 डी पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून धावत राहिली, ती थेट ऑक्टोबर 2023 पर्यंत. धंद्याची गाडी बंद ठेवून चालत नाही, त्यामुळे 1089 सीसी इंजिनाच्या सामानाला दशकानुदशकं गिऱ्हाईक होतं. पण हॅन्डल तुटलं म्हणून कुठली टॅक्सी उभी राहिली? काच पान्याने फिरते, नाहीतर ती अर्धी उघडी, असं उतारूने समजून घ्यायचं. शिवाय टॅक्सीवाल्याला कंपनीचा फिकट अंतर्भाग आवडत नसे. त्याने फुलाफुलांचं रेक्झिन चढवलं आणि मूळचं भंगारात टाकलं. खासगी मालकही काही कमी नव्हते. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेल्या गाडीची सीट मळू नये म्हणून पहिल्याच आठवड्यात तिच्यावर कव्हर चढायचं, आणि त्या कव्हराखाली मूळचं कापड कोणी न पाहताच विरून जायचं. सरकारलाही आतल्या सजावटीचं अगत्य नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण अट चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसण्याची. छताचं कापड कुठल्या रंगाचं, हे आरटीओ विचारत नाही. विचारतो तो फक्त प्रदर्शनातला परीक्षक, आणि तो मात्र वाकून, टॉर्च मारून विचारतो.

यावर काही जण म्हणतात, इटलीहून मागवा. गाडीचं माहेर तेच. हॅन्डलपुरतं हे ठीक आहे. पण तिकडच्या डॅशबोर्डवर स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे. माहेरून आलेला हा आहेर आरशात बघूनच बसवावा लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: नवं बनवून घ्या, नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत काय बनत नाही? बनतं, आणि अनेकदा मूळच्यापेक्षा सरस बनतं. अडचण तीच आहे. कुर्ल्याच्या बीडिंगला जी किंचित बेफिकीर वळणं होती, ती आजच्या सीएनसी यंत्राला काढता येतात, पण नमुना समोर असेल तरच. म्हणजे नक्कल करायलासुद्धा एक अस्सल तुकडा लागतोच, मग तो मोडका का असेना. छायाचित्रावरून रंग जुळेल, दाराच्या पॅडमधल्या भोकांचं माप जुळणार नाही.

तेव्हा वाड्यात फियाट उभी असलेल्यांना एवढीच विनंती: गाडी सीटवाल्याकडे द्याल तेव्हा उसवलेलं रेक्झिन आणि दाराच्या पॅडमागचा कुजका पुठ्ठा परत मागून घ्या. नवं पॅड त्याच मापाने बेतता येतं, आणि सीटवाला तो पुठ्ठा संध्याकाळी झाडून टाकतो.