महिना कुठला धरलास?

निपाणीकडच्या प्रत्येक भावकीत एक अण्णा असतात. त्यांना 'महिन्याभरात पैसे देतो' असं म्हणून बघा. चष्मा कपाळावर जातो आणि प्रश्न येतो, "महिना कुठला धरलास?"

आमचे अण्णा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. उचल आणि व्याज मोजण्यात हयात गेली. घरात कालनिर्णयशेजारी कन्नड कॅलेंडर लटकतं. सीमेचं भांडण १९५६ पासून चाललंय, पण श्रावण दोन्हीकडे एकाच दिवशी लागतो, याचं त्यांना फार समाधान. गॅसची टाकी लावली की कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण. टाकी संपली की काकूंना दिवस ऐकावे लागतात.

पुतण्या बेळगावात सॉफ्टवेअर लिहितो. तो एकदा बोलून गेला, की कॉम्प्युटरात सरासरी महिना ३०.४३६८७५ दिवसांचा धरतात. झालं! अण्णांनी लग्नपत्रिका उलटी केली, पेन्सिल काढली.

"तीस दिवस, दहा तास, एकोणतीस मिनिटं, सहा सेकंद. हे सहा सेकंद कुणाच्या नावावर टाकालास?"

पुतण्यानं सांगितलं, चारशे वर्षांत लीप वर्षं शंभर नव्हेत, ९७. १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हती, २००० साली होती. एकूण दिवस १,४६,०९७. म्हणून वर्ष सरासरी ३६५.२४२५ दिवसांचं आणि त्याचा बारावा भाग महिना. भागाकार स्वतः पडताळल्यावरच अण्णांनी गार झालेला चहा घेतला. मग ३१ जानेवारीला ठेवलेल्या ठेवीत तो आकडा मिळवून पाहिला. मुदत थेट २ मार्चला!

"अख्खा फेब्रुवारी गिळलास की रे!"

"अण्णा, सरासरी ढोबळ अंदाजाला. 'साधारण दोन वर्षं झाली' एवढं सांगायला. मुदत काढताना कॅलेंडरच बघायचं, फेब्रुवारीअखेर."

"मग असं बोल की आधी. आणि अधिक महिना?"

पुतण्या गाडीची किल्ली शोधायला लागला.

अशा माणसाची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. त्या पिढीतल्या निम्म्या गावाची तीच. आई सांगायची, तू झालास तेव्हा तंबाखूची कापणी चालली होती, म्हणजे ऐन थंडी. तरी परवा अण्णांनी पुतण्याकडून वय काढून घेतलं, १ जूनपासूनच. दशांशाच्या पुढं दोनच घरं दिसली म्हणून परत मोजायला लावलं. चार हवीत.