सेक्टर सतराचा जुळारी

शहर आखणारे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचा वारसा सांगितल्याखेरीज चंडीगडमध्ये लस्सीसुद्धा खपणार नाही, अशी ज्याची श्रद्धा असते, त्या ब्रँडसजावटकाराचा या शहरात स्वतंत्र वर्गच मानावा लागतो. जुन्या छापखान्यातील जुळारी शिशाचे खिळे जुळवीत असे. हा नवा जुळारी अक्षरांचे स्वभाव जुळवतो, आणि त्याचे बिल खिळ्यांपेक्षा जड असते.

ग्राहक मिठाईवाला असो की कॅनडाच्या व्हिसाचा सल्लागार, प्रवचन तेच असते: नावाला एक टंक, म्हणजे एकाच घाटणीची अक्षरमाला, आणि मजकुराला दुसरा, दोहोंतील फरक इतका ठळक हवा की तो मुद्दाम केलेला दिसावा, कारण जवळजवळ सारखे दोन टंक शेजारी आले की ती नजरचूक वाटते. हा सिद्धान्त निर्दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. अडचण एवढीच, की नावासाठी जुळारी दर वेळी साच्यातून कापल्यासारखी तुटक अक्षरेच सुचवतो, कारण कॉर्बुझिए आपल्या आराखड्यांवर पत्र्याच्या साच्यांनी अक्षरे उमटवीत. त्यांच्या सचिवालयाच्या उघड्या काँक्रीटचा पिन्नीच्या लाडवाशी संबंध काय, हे विचारण्याचे धैर्य मिठाईवाल्याला होत नाही. मजकुरासाठी १९५७ सालची स्विस हेल्व्हेटिका ठरलेलीच असते.

एवढे झाल्यावर कोणीतरी पंजाबीच्या गुरुमुखी लिपीची आठवण काढतो. १९६६ पासून पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेल्या, पण स्वतःचा कारभार इंग्रजीत चालवणाऱ्या या केंद्रशासित शहरात खरी जुळणी दोन रोमन टंकांची नसून तीन लिपींची असते, आणि ती अवघड असते: गुरुमुखी व देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात, रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात, शिवाय वरखाली येणाऱ्या मात्रा-उकारांना जास्तीची जागा लागते, त्यामुळे टंकाच्या आकाराचा आकडा एकच ठेवूनही अक्षरे डोळ्यांना लहानमोठी भासतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ हा देवनागरी टंक आणि ‘मुक्त माही’ हे त्याचे गुरुमुखी भावंड घडवून हा पेच बराचसा सोडवला आहे. परंतु ते दोन्ही विनामूल्य मिळतात, आणि जे फुकट मिळते त्याचे संशोधनशुल्क लावता येत नाही, हा दोष जुळाऱ्याच्या लेखी अक्षम्य ठरतो. दुकानाचे वयस्कर मालक त्याच संस्थेचा गुबगुबीत ‘बलू पाजी’ पाहून हरखतात, कारण त्याच्या नावातच पंजाबी थोरला भाऊ आहे. तेव्हा जुळारी काही क्षण डोळे मिटून बसतो.

अखेर गुरुमुखीचे काम फलक छापणाऱ्याकडे जाते. १९५४ च्या जाहिरात नियंत्रण आदेशापासून या शहरात फलकांवर निर्बंध आहेत, म्हणून रोमन अक्षरांनंतर उरलेल्या पट्टीत मावावी यासाठी तो ती ओळ आडवी ताणून बसवतो. फलक लागला, की जुळारी आपल्या कामांच्या संग्रहासाठी त्याचे छायाचित्र काढतो, आणि चौकट अशा कौशल्याने धरतो की त्यात फक्त रोमन अक्षरे येतात.